खळ्यावरून ताटांत : भात, वाल व नाचणी यांचे सोपे घरगुती पदार्थ

शेतकी मासिकांत पाककृती कशास, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक करतील. पेरणी, लावणी, खतें व कीड यांविषयींच येथें लिहावें आणि चुलीचा विषय घरांतील माणसांवर सोपवावा, अशी समजूत पुष्कळांची आहे. परंतु पीक खळ्यावर आलें म्हणजे शेतकऱ्याचें काम संपत नाहीं. त्या पिकाचा कोणता भाग विकावा, कोणता घरीं ठेवावा आणि ठेवलेला कसा खावा, हें ज्यास ठरवितां येत नाहीं त्याच्या घरीं कणगी भरलेली असूनहि वाण्याचें देणें वाढतें. शिवाय जो दाणा घरांत कोणी खात नाहीं, तो चार वर्षांनीं शेतांतहि दिसेनासा होतो. ही गोष्ट आम्ही स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहों.

कल्याण तालुक्यांतील आमच्या खाचरांत भात कापल्यावर जमिनींत ओल आहे तोंच कडवे वाल टाकण्याची वहिवाट होती. ह्या पिकास वेगळें पाणी द्यावें लागत नाहीं, आणि द्विदल असल्यामुळें तें जमिनीचा कसहि राखतें. पुढें घरांतील माणसें कमी झालीं, नोकरीसाठीं पहांटेची गाडी धरणारे वाढले, आणि वाल भिजवून, मोड आणून सोलीत बसण्यास कोणास सवड उरली नाहीं. प्रथम घरांतील बिरडें बंद झालें. मग ‘खाणार कोण?’ म्हणून पेरा बंद झाला. शेवटीं मडक्यांतील बियाण्यास भुंगा लागला, तिकडे कोणाचें लक्षहि गेलें नाहीं. दोन वर्षांनीं पुन्हां पेरावयाचें मनांत आलें, तेव्हां मुरबाडकडील सोयऱ्यांच्या घरून दोन पायली बी मागून आणावें लागलें. ह्या नुकसानीचा उगम आम्ही पुष्कळ दिवस शेतांत शोधीत होतों. तो स्वयंपाकघरांत होता.

आमच्या जिल्ह्याची स्थिति

ठाणें जिल्हा हा मूळचा भाताचा मुलूख. 1 ऑगस्ट 2014 रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणें, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, अंबरनाथ व उल्हासनगर असे सात तालुके ह्या जिल्ह्यांत राहिले. आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आली व पुढील वर्षीं कल्याणपर्यंत गेली. तेव्हांपासून येथील माणसांचा ओढा मुंबईकडे वाढत गेला. कल्याण व डोंबिवली यांची 1983 सालीं एक महानगरपालिका झाली, आणि जुन्या खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या.

ज्यांस सकाळीं घर सोडून रात्रीं परतावें लागतें, त्यांस डोंबिवलींतील पोळी-भाजी केंद्रांचा मोठा आधार आहे. ठाण्यांतील मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाण्यास माणसें दुरून येतात, त्यांतहि वाईट कांहीं नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याच्या घरीं स्वतःचें भात आहे त्यानें कण्या पडत्या भावानें विकाव्या आणि मुलांच्या न्याहरीसाठीं रंगीत पुडकीं विकत आणावीं, हा हिशेब शेतकऱ्यास शोभणारा नाहीं.

एका क्विंटल भाताचा हिशेब

100 किलो भात गिरणींत घातलें असतां सुमारें 20 किलो तूस, 8 ते 10 किलो कोंडा व 65 ते 68 किलो तांदूळ मिळतो. ह्या तांदळांतच कण्याहि आल्या. भात फार कडक वाळलें, किंवा वाळून पुन्हां ओलें झालें, तर दाण्यास चिरा पडतात व कण्या अधिक निघतात. कणी म्हणजे तुटलेला तांदूळच होय. तिचा भाव उतरतो, पण अन्न म्हणून तिचें मोल उतरत नाहीं. म्हणून सबंध तांदूळ विकावा किंवा भातासाठीं ठेवावा, आणि पेज, सांजा, पीठ व गोड पदार्थ ह्यांसाठीं कण्या राखून ठेवाव्या, ही वांटणी आम्हांस सर्वांत फायद्याची वाटते.

तांदूळ पांढरा शुभ्र करून घेण्याचा हव्यासहि सोडावा. जावा बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन नांवाच्या डच वैद्यास असें आढळलें कीं, घासलेल्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, आणि तांदळावरील कोंडा खाऊं घातल्यावर त्या बऱ्या होतात. ह्या शोधाच्या मार्गानेंच पुढें ‘ब-1’ जीवनसत्त्वाची ओळख पटली. आइकमन यांस 1929 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत दुसरे एक शास्त्रज्ञ भागीदार होते. घरच्या तांदळास एकच हलका हात द्यावा, असें गिरणीवाल्यास बजावून सांगावें. मात्र कोंड्यांत तेल असतें व तें लौकर खवट होतें. म्हणून असा तांदूळ एका वेळीं महिन्यास पुरेल इतकाच काढावा, बाकीचें भात तुसासकट ठेवावें.

आतां पदार्थ सांगतों. मापासाठीं आरंभापासून शेवटपर्यंत एकच वाटी वापरावी.

जेवणाचे पदार्थ

तांदळाची भाकरी. — भाकरीस नवा तांदूळ चांगला. त्यास चिकटपणा अधिक असतो. मोकळा भात करावयाचा असल्यास जुना तांदूळ घ्यावा. दोन वाट्या पाण्यांत थोडें मीठ घालून खळखळून उकळी आणावी. त्यांत दोन वाट्या पीठ एकदम घालून उलथण्याच्या दांड्यानें ढवळावें, आणि झांकण ठेवून भांडें खालीं उतरावें. दहा मिनिटांनीं उकड परातींत काढून, हात पाण्यांत बुडवीत, ती गरम असतांनाच चांगली मळावी. भाकरी चिरते ती बहुधा मळणें अपुरें राहिल्यामुळें. कोरड्या पिठावर भाकरी थापून पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकावी, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकतांच उलटावी, आणि शेवटीं विस्तवावर शेकून फुगवावी. आगरी व कोळी घरांत हिच्याबरोबर सुकटाची चटणी असते. शाकाहारी घरांत पुढील बिरडें.

वालाचें बिरडें. — एक वाटी कडवे वाल रात्रीं पुष्कळ पाण्यांत भिजत घालावे. सकाळीं तें पाणी फेंकून द्यावें, वाल धुवून फडक्यांत बांधून ठेवावे. उन्हाळ्यांत एका दिवसांत मोड येतात, थंडींत अधिक वेळ लागतो. नंतर कोमट पाण्यांत अर्धा तास ठेवले म्हणजे सालें बोटांनीं सहज सुटतात. तेलांत मोहरी, हिंग व हळद यांची फोडणी करून त्यांत एक चिरलेला कांदा परतावा. मग सोललेले वाल, तिखट व वाल बुडतील इतकें गरम पाणी घालावें. झांकणावर पाणी ठेवून मंद आंचेवर शिजवावें. डाव फार फिरवूं नये, नाहींतर डाळिंब्या मोडतात. वाल मऊ झाल्यावरच तीन-चार आमसुलें, सुपारीएवढा गूळ व मीठ घालावें. आंबट आधीं पडलें तर दाणा दडदडीत राहतो. वर ओलें खोबरें व कोथिंबीर घालावी. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले वाल खाऊं नयेत. त्यांतील अपायकारक अंश भिजवणीचें पाणी टाकल्यानें व पुरतें शिजविल्यानें कमी होतो.

भात आणि वाल यांची जोडी आपल्या पूर्वजांनीं चवीनें जमविली, परंतु ती शास्त्रासहि मान्य आहे. तांदळांतील प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक कमी असतो, तो द्विदल धान्यांत भरपूर असतो. आणि द्विदलांत ज्याची उणीव, त्याची भर तांदूळ घालतो. ज्या खाचरांत भातामागून वाल येतो, त्याच खाचरांतून ताटहि पुरें होतें.

सोलण्याचें काम कंटाळवाणें खरें. पण तें एकट्या बाईच्या पदरीं टाकल्यामुळेंच पुष्कळ घरांतून वाल गेला, हें पुरुषांनीं लक्षांत घ्यावें. आमच्या घरीं हल्लीं रविवारीं सकाळीं सर्वजण परातीभोंवतीं बसतात. अर्ध्या तासांत काम उरकतें. आठवड्याचे वाल सोलून शीतपेटींत ठेवतां येतात, ही सोय पूर्वीं नव्हती.

न्याहरीचे व मधल्या वेळचे पदार्थ

कण्यांची पेज. — एक वाटी कण्या धुवून सात वाट्या उकळत्या पाण्यांत टाकाव्या, मीठ घालून मऊ होईपर्यंत शिजवाव्या. वर चमचाभर तूप, तोंडीं लावण्यास लोणचें किंवा भाजलेला पापड. आजारी माणसास व लहान मुलांस हलकी, आणि शेतावर जाणारासहि चालणारी अशी ही न्याहरी आहे.

कण्यांचा सांजा. — कण्या धुवून सावलींत वाळवाव्या व कोरड्याच तांबूस भाजून डब्यांत भराव्या. म्हणजे घाईच्या वेळीं तयार सांपडतात. तेलांत मोहरी, मिरची, कढीलिंब व कांदा परतून अडीच वाट्या पाणी घालावें. उकळी आली कीं एक वाटी भाजलेल्या कण्या व मीठ घालून झांकण ठेवावें. एक वाफ पुरी आली म्हणजे झालें. सकाळच्या गाडीच्या डब्यांत हा सांजा उत्तम टिकतो.

घावन. — दोन वाट्या तांदळाच्या पिठांत मीठ व सुमारें तीन वाट्या पाणी घालून ताकासारखें पातळ करावें. बिडाचा तवा चांगला तापवून त्यास तेलाचा हात लावावा, आणि पीठ प्रत्येक वेळीं ढवळून कडेकडून मध्यापर्यंत ओतावें. झांकण ठेवून कडा सुटल्या कीं काढावें. हें पीठ आंबवावें लागत नाहीं, म्हणून अचानक पाहुणे आल्यास सोईचें. नारळाच्या दुधांत गूळ व वेलची घालून त्याबरोबर दिलें म्हणजे तेंच पक्वान्न होतें.

नाचणीची आंबील. — शहापूर-मुरबाडकडील वरकस जमिनींत नाचणी होते. तिच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारें 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदळांत तें अगदींच थोडें. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं 2023 हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतील दुकानांत नाचणीस मान मिळाला. आपल्या घरीं तो आधींपासून असावयास पाहिजे होता. तीन मोठे चमचे पीठ एक वाटी ताकांत कालवून रात्रभर ठेवावें. सकाळीं तीन वाट्या उकळत्या पाण्यांत तें सोडून गुठळी न होऊं देतां पांच-सात मिनिटें शिजवावें. निवल्यावर मीठ, ठेंचलेला लसूण, जिरें व आणखी ताक घालावें. वैशाखांत बांधबंदिस्ती करणाऱ्या माणसास चहापेक्षां हिनें अधिक तरतरी येते.

गोड पदार्थ

सांदण. — दक्षिण कोंकणांत विशेष प्रचलित असलेला हा पदार्थ आमच्याकडील कण्यांस फार चांगला लागू पडतो. कण्या धुवून, वाळवून त्यांचा जाडसर रवा काढावा. दोन वाट्या रवा थोड्या तुपावर भाजावा. त्यांत बरक्या फणसाचा दोन वाट्या रस, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचें दूध व चिमूटभर मीठ मिसळून दोन तास झांकून ठेवावें. रवा फुगून मिश्रण घट्ट वाटल्यास थोडें दूध वाढवावें. तूप लावलेल्या वाट्यांत भरून वीस मिनिटें वाफवावें. फणस नसेल तेव्हां आंब्याचा रस घ्यावा. तो गोड असल्यास गूळ कमी करावा. दारच्या झाडावरील बरका फणस विकत घेण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं व पुष्कळदां तो तळाशीं पडून कुजतो. त्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नाहीं.

शेवटीं एक विनंति

यंदा भात झोडल्यावर, व्यापाऱ्याची गाडी दाराशीं येण्यापूर्वीं, वाचकांनीं तीन गोष्टी बाजूस काढाव्या : वर्षाच्या घरखर्चाचें भात, गिरणींतून आलेल्या सर्व कण्या, आणि वालाचें बी. बी कडक उन्हांत वाळवून, निववून, कोरडी राख मिसळून मडक्यांत भरावें, व तोंड बांधण्यापूर्वीं त्यावर तारीख लिहावी. मग एक महिनाभर न्याहरीसाठीं बाहेरून काय आणलें व घरचें काय खाल्लें, ह्याचा हिशेब एका वहींत मांडावा. किती पैसे वांचले, हें तर त्या वहींत दिसेलच. पण आमच्या मतें त्याहून मोठी शिल्लक मडक्यांत राहते. आमच्या घरीं मुरबाडाहून आणलेल्या त्या दोन पायल्यांतून आज पुन्हां एक खाचर वालानें भरतें, आणि बी मागावयास आलेल्या शेजाऱ्यास आम्हांस रिकाम्या हातानें परत पाठवावें लागत नाहीं.