पेरणीच्या महिन्यातील प्रवेश

अकोला जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबात ज्या जून-जुलैत बियाणे आणि खते यांपायी घरातील अखेरची शिल्लक शेतात जाते, त्याच महिन्यांत मुलाच्या प्रवेशाचे शुल्कही भरावे लागते, आणि पिकाचा पैसा तर दसरा-दिवाळीच्या आधी हाती येत नाही. अशा वेळी सावकाराच्या ओसरीवर बसलेल्या किंवा एकरभर जमीन विकावयास निघालेल्या पित्याने शासकीय साहाय्याची पुरती विचारपूस केलेली नसते, याची मला खरोखर खंत वाटते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असून व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असल्यास, खुल्या प्रवर्गातील मुलाचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. त्याच उत्पन्नमर्यादेतील मुलींना २०२४-२५ पासून संपूर्ण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची सवलत आहे. म्हणून व्यवस्थापन कोट्यातील जागा घाईने पदरात पाडून घेण्यापूर्वी, त्या जागेबरोबर ही सवलत गमवावी लागते, हे पालकांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

शुल्क सुटले तरी खोली आणि खानावळ सुटत नाही, आणि खेड्यातील मुलाचे शिक्षण बहुधा येथेच अडते. अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढणाऱ्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. त्यांच्याच नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आज अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. याच खर्चासाठी अनुसूचित जातींना स्वाधार व अनुसूचित जमातींना स्वयंम् या योजना आहेत.

एवढ्यानेही न भागल्यास मगच कर्जाकडे वळावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण किंवा जामीन न मागता कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असून अन्य शिष्यवृत्ती वा व्याजसवलत घेत नसलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात, व्याजात ३ टक्के सूट आहे. आपली संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

या साऱ्यांत अर्ज फेटाळला जातो तो बहुधा कागदांपायी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते निकालाआधीच सिद्ध असावे. जात वैधता प्रमाणपत्रास मात्र पडताळणी समितीकडे वेळ लागत असल्यामुळे, त्याचा अर्ज मूल अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी.