पुण्ण थेरांचा सुनापरांतातील पहिला वर्षावास

धम्माच्या कार्यासाठी नव्या मुलुखात गेलेल्या माणसाचे पहिले दिवस कसे जातात, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गात वारंवार निघतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मज्झिम निकायातील १४५ वे सुत्त, पुण्णोवाद सुत्त, याच विषयाचे आहे. ते लहानसे असून एका बैठकीत वाचून होते. शिवाय त्याचा संबंध आपल्या कोकणपट्टीशी आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. पाली वाङ्मयात पुण्ण नावाचे एकाहून अधिक भिक्खू आहेत. धम्मकथिकांत अग्रगण्य मानलेले पुण्ण मंतानिपुत्त ते वेगळे. आपल्याला ज्यांचा विचार करावयाचा आहे ते सुनापरांताचे पुण्ण. सुनापरांत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील अपरांत आणि त्याचे बंदर शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ब्रह्मदेशातील बौद्ध मात्र सुनापरांत आपल्याच देशात इरावतीच्या खोऱ्यात होता असे परंपरेने सांगतात. ज्या मुलुखाला धम्म मिळाला त्याला तो दूत आपलाच वाटावा, यात नवल नाही.

पुण्ण थेर श्रावस्तीला जेतवनात तथागतांकडे आले व त्यांनी थोडक्यात उपदेश मागितला. तथागतांच्या उपदेशाचे सार असे की, डोळ्यांना रूप, कानांना शब्द, अशा रीतीने सहाही इंद्रियांना सुखकर विषय भेटतात. माणूस त्यांत रमला, त्यांना कवटाळून बसला की त्या रमण्यातूनच दुःख जन्मते. रमला नाही तर दुःखही उठत नाही. एवढाच उपदेश. मग तथागतांनी विचारले, आता राहणार कोठे? पुण्णांनी सुनापरांताचे नाव सांगितले.

तेथील लोक तापट आणि कठोर आहेत हे तथागतांना माहीत होते. त्यांनी पुण्णांना किती सुत्ते पाठ आहेत हे विचारले नाही. लोकांनी शिव्या दिल्या तर मनात काय येईल, हे विचारले. पुण्ण म्हणाले की, हातांनी मारले नाही, म्हणजे लोक चांगलेच आहेत असे मला वाटेल. हातांनी मारले तर? ढेकळे फेकली नाहीत हे चांगले. ढेकळे फेकली तर? काठी उगारली नाही. काठीनंतर शस्त्र आणि शस्त्रानंतर शेवटी प्राण, असा एकच प्रश्न सहा वेळा, दर वेळी एक पायरी वर चढून विचारला गेला. प्राण घेण्याच्या प्रश्नालाही त्यांच्या उत्तरात वैराचा शब्द नव्हता. तेव्हा तथागतांनी त्यांचा संयम वाखाणला आणि जाण्यास अनुमती दिली. आजच्या आपल्या संस्था कार्यकर्त्याला हातात पुस्तकांची पिशवी आणि पावतीपुस्तक देऊन गाडीत बसवतात. निघण्यापूर्वीची ही सहा प्रश्नांची परीक्षा कोणी घेत नाही.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ही कथा वर्गात सांगितली तेव्हा नववीतल्या एका मुलाने उठून विचारले, "गुरुजी, मार खाऊन चांगलं म्हणायचं, हेच तर आपल्या आज्यालाही शिकवलं होतं ना?" प्रश्न बिनतोड होता. पिढ्यान् पिढ्या आपल्या वाडवडिलांनी वाड्यासमोर मान खाली घातली. तिलाही लोक सहनशीलताच म्हणत. मग पुण्णांच्या क्षमेत आणि त्या लाचारीत फरक कोणता?

फरक आहे, आणि तो मोठा आहे. आपल्या आज्याला जाण्यासाठी दुसरी जागा नव्हती; पुण्णांना जेतवन होते. तेथे राहून ते सुखाने ध्यान करू शकत होते. संकट त्यांच्यावर लादलेले नव्हते, ते त्यांनी निवडले होते. दुसरे असे की, लाचार माणूस मार खाऊन आपले म्हणणे गिळतो. पुण्णांनी आपले म्हणणे सोडले नाही. ज्या कामासाठी गेले ते काम केले आणि मारणाऱ्यालाच बदलावयास निघाले. त्यांनी सोडला तो फक्त द्वेष. म्हणून आज एखाद्या गावात धम्मकार्यकर्त्यावर हात उचलला गेला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली त्याने तक्रार देऊ नये, असा या सुत्ताचा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा होईल. तक्रार द्यावी, साक्षही द्यावी. आणि दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून द्वेष न बाळगता जावे.

दिलेल्या उपदेशाचा आणि या प्रश्नांचा संबंधही लक्षात घेतला पाहिजे. शिवी हा कानावर पडणारा शब्द आहे. स्तुती हाही शब्दच. ज्याला गोड शब्दांत रमण्याची सवय लागली तोच कडू शब्दांनी मोडतो. नव्या गावात पहिल्या आठवड्यात शिव्यांपेक्षा हारतुरे अधिक घातक ठरतात, असे माझे निरीक्षण आहे. हार घालणाऱ्या गटाचा माणूस झाला की बाकीचे गाव तुटले.

सुनापरांतात पोहोचल्यावर काय घडले याविषयी सुत्त फार थोडे सांगते. त्याच वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या आणि स्वतः तीन विद्या साक्षात केल्या. पाचशे हा आकडा पाली ग्रंथांत ठरावीक असतो, तो खानेसुमारीसारखा धरू नये. परंतु उपासिकांची संख्या उपासकांइतकीच सांगितली आहे, हे विसरू नये. आपल्या कित्येक सभांत आजही माणसे पुढे आणि बायका दाराशी बसतात.

वर्षावास हा शब्दही महत्त्वाचा आहे. आषाढ पौर्णिमेनंतरचे तीन महिने भिक्खूने एका ठिकाणी राहावयाचे. त्यातून कोकणचा पाऊस! भाषण ठोकून संध्याकाळच्या गाडीने परतण्याची सोय नव्हती. भिक्षेसाठी रोज दारोदार जावयाचे, तोंडाने काही मागावयाचे नाही, पात्र घेऊन मूकपणे उभे राहावयाचे. लोक त्याला रोज पाहणार. कालच्या शिवीनंतर हा आज कसा चेहरा घेऊन येतो, हे सारे गाव तपासणार. माझ्या मते पहिला उपदेश या उभे राहण्यातच झाला असावा.

संस्कृत दिव्यावदानातील पूर्णावदानात हीच कथा वेगळ्या रूपाने येते. तेथे पूर्ण हा शूर्पारकच्या एका व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा आहे. वाटणीच्या वेळी दासीपुत्र म्हणून त्याला वाटा तर मिळालाच नाही, उलट इस्टेटीबरोबर तोच एका भावाच्या वाटणीला गेला. पुढे तो समुद्रावर व्यापार करून श्रीमंत झाला आणि सर्व सोडून भिक्खू झाला. नव्या मुलुखात त्याला पहिल्यांदा भेटला तो धनुष्य ताणलेला पारधी. मुंडन केलेला माणूस समोर आला म्हणजे अपशकुन झाला, असे त्याला वाटले. पूर्णाने पळ काढला नाही, अंगावरचे वस्त्र बाजूला करून पोट दाखवले आणि या पोटासाठीच आलो आहे, येथेच बाण मार, असे सुचवले. पारधी ओशाळला आणि तोच त्याचा पहिला श्रोता झाला. या अवदानात पुढे चमत्कारांची रेलचेल आहे. धम्मांतर चमत्काराने होऊ नये, असे बाबासाहेबांनी बजावले आहे, तेव्हा तो भाग बाजूला ठेवू. पण दासीपुत्राची हकीकत बाजूला ठेवण्यासारखी नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील भिंतीवर पूर्णाची कथा रंगवलेली आहे, तीतले जहाज पाहण्यासारखे आहे.

पाली अट्ठकथाही पुण्णांना सुनापरांतचाच व्यापारी म्हणते. म्हणजे नवा मुलूख हा एका अर्थी त्यांचा जुनाच मुलूख होता. हे मला अधिक कठीण वाटते. परक्या गावात अनोळखी म्हणून तरी मान मिळतो. स्वतःच्या गावात वाटणीच्या वेळचे नाव लोक विसरत नाहीत. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. गावी गेलो की म्हातारी माणसे आजही वडिलांच्या नावानेच हाक मारतात. आपल्यातील शिकलेले शहरात राहतात ते केवळ नोकरीसाठी, असे मला वाटत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती येथे आठवते.

संयुत्त निकायात हीच कथा आहे. त्यात त्याच वर्षावासात पुण्णांचे परिनिर्वाण झाले असे सांगितले आहे. मज्झिम निकाय ते काही काळानंतर झाले असे म्हणतो. संयुत्ताचे खरे धरले तर पुण्णांना पहिले दिवसच काय ते मिळाले. भिक्खूंनी त्यांच्या गतीविषयी विचारले तेव्हा पुण्ण शहाणा होता, धम्माला धरून चालला आणि धम्मावरून त्याने आपल्याला त्रास दिला नाही, अशा आशयाचे तथागत बोलले.

काम तेवढ्यावर संपले नव्हते. तिसऱ्या संगीतीनंतर योनक धम्मरक्खित थेरांना अपरांतात धाडले गेले, असे महावंस सांगतो. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरला. त्यात करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि आठ धातूमूर्ती मिळाल्या. तेथेच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच साली सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली मिळाला. आठव्या लेखात अशोक सांगतो की, राजे पूर्वी शिकारीच्या सहली करीत; आपण त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, ज्यांत खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावयाचे व त्यांच्याशी धम्माविषयी बोलावयाचे असते.