सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार : दोष मेंदूचा की स्वभावाचा?

मनोविकार विभागात येणारे नातेवाईक आम्हांस बहुधा दोन प्रश्न विचारतात : हा आजार आहे की हट्टी स्वभाव? आणि मेंदूचा एमआरआय काढल्यास निदान होईल काय? देणगीदार व विश्वस्तांच्याही मनात हे प्रश्न येत असल्याने येथे त्यांचा थोडक्यात परामर्श घेत आहोत.

‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ अर्थात सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकारात भावनांचे तीव्र चढउतार, आपले माणूस सोडून जाईल ही धास्ती, अविचारी कृती व स्वतःस इजा करणे ही लक्षणे आढळतात. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले.

मेंदूतील ‘अमिग्डाला’ हा भाग धोक्याची सूचना देतो, तर कपाळामागील भाग त्या सूचनेस आवर घालतो. या रुग्णांमध्ये पहिला भाग अधिक तीव्रतेने चेतवला जातो व दुसऱ्याचा आवर अपुरा पडतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात 21 रुग्ण स्त्रियांमध्ये स्मृतीशी निगडित ‘हिप्पोकॅम्पस’ सुमारे 16 टक्के, तर अमिग्डाला सुमारे 8 टक्के लहान आढळला. तथापि हे गटाचे सरासरी आकडे होत. बालपणीच्या आघातांचाही मेंदूवर असाच परिणाम होऊ शकतो. त्यामुळे एकट्या रुग्णाच्या एमआरआयवरून हे निदान होत नाही. ते सविस्तर मुलाखतीनेच होते.

म्हणजेच रुग्ण ‘नाटके’ करीत नाही. आणि त्याचा मेंदू कायमचा बिघडला आहे, असेही नाही. मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ने स्वतःस इजा करण्याचे प्रमाण घटते, हे 1991 च्या चाचणीत दिसले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अमेरिकन पाठपुराव्यात दहांपैकी नऊ रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरली होती. मात्र कामधंदा व नातेसंबंध यांसह पूर्णपणे सावरलेले निम्मेच होते.

ताळेबंदात यंत्र मालमत्ता म्हणून दिसते आणि मानसोपचारतज्ज्ञाचे तास केवळ खर्च म्हणून. या विकारात मात्र रुग्णास तारतात ते हे तासच. देणगीदारांनी याचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.

कुटुंबीयांनी आत्महत्येची भाषा कधीही धमकी समजून दुर्लक्षू नये. शासनाची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.