निर्मळ ज्योत आणि तिचें मूळ

रसायनशास्त्राच्या तासाला आम्हीं जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य गंधकाम्ल ओतून हायड्रोजन वायु तयार केला. त्याच्या ज्योतीवर थंड कांचेचें भांडें धरतांच आंतून दंव जमलें. धूर नाहीं, काजळी नाहीं, केवळ पाणी! ‘हायड्रोजन’ ह्या नांवाचा अर्थच मुळीं ‘पाणी उत्पन्न करणारा’ असा आहे. मग कोळसा व पेट्रोल सोडून सर्व जगानें हाच वायु कां जाळूं नये, हा प्रश्न आमच्या मनांत सहजच आला.

विचार करूं लागतां एक गोष्ट ध्यानांत आली. कोळसा खाणींत आयता सांपडतो. हायड्रोजन मात्र बहुतांशीं पाणी, तेल इत्यादि पदार्थांत बद्ध असतो. त्यास मोकळें करण्याकरितां शक्ति खर्चावी लागते. म्हणून तो शक्तीचा झरा नव्हे, शक्ति वाहून नेणारी घागर होय. आणि घागर कोठें भरली, हें पाहणें अगत्याचें आहे.

आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायु व कोळसा ह्यांपासूनच काढतात. नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची क्रिया करून १ किलो हायड्रोजन मिळवितांना सुमारें ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. ज्योत आपल्या घरीं निर्मळ, पण धुराडें परगांवीं!

दुसरा मार्ग विजेनें पाण्याचें पृथक्करण करण्याचा. नॉर्वेंतील व्हेमोर्क येथें १९२९ साली धबधब्याच्या विजेवर चालणारा असा कारखाना निघाला. तेथील हायड्रोजन खतासाठीं वापरीत. ह्या रीतीनें १ किलो हायड्रोजनास सुमारें ९ लिटर पाणी व ५० युनिटांहून अधिक वीज लागते. वीज ऊन, वारा वा जलप्रपात ह्यांची असेल तर उत्तमच. परंतु कोळशाच्या दर युनिटामागें सुमारें १ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे हिशेब ५० किलोंवर गेला! पहिल्या रीतीपेक्षां हा पांचपट वाईट.

शिवाय फार तप्त ज्योतींत हवेंतील नायट्रोजनाचे अपायकारक ऑक्साइड बनतात. आणि गळालेल्या हायड्रोजनामुळें मिथेन वायु हवेंत अधिक काळ टिकून उष्णता वाढते. म्हणून नळ्या व टाक्या घट्ट हव्यात.

भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें मंजूर केलेल्या योजनेंत २०३० पर्यंत दरसाल ५० लक्ष टन हरित हायड्रोजन काढण्याचा संकल्प आहे. पोलाद व खत ह्यांच्या कारखान्यांस त्याचा मोठा उपयोग होईल. तेव्हां, बंधुभगिनींनो, कोणी ‘हें इंधन निर्मळ आहे’ असें म्हणतांच आपण नम्रपणें विचारावें, ‘कोणत्या विजेनें काढलेलें?’ प्रयोगशाळेंतील त्या दंवानें आम्हांस एवढें तरी शिकविलें.