बॅटरी 40 दाखवते, तरी लॅपटॉप बंद!

तायांनो, गुरुवारी चाकणला दुरुस्तीसाठी लाईट गेली की गटाचा हिशोब बॅटरीवर चालतो. पडद्यावर 40 टक्के दिसतात आणि लॅपटॉप बंद पडतो, नोंद गेली! तो आकडा म्हणजे बॅटरीतल्या चिपचा अंदाज. जुन्या बॅटरीत चार्ज कमी मावतो, चिप मात्र जुन्याच मापाने मोजते.

लगेच नवी घेऊ नका. एकदा पूर्ण चार्ज करा, मग आधी काम सेव्ह करून लॅपटॉप आपोआप बंद होईपर्यंत चालवा. नंतर सलग 100 टक्के करा. आकडा बहुधा सुधारतो, बॅटरी काही तरुण होत नाही. अर्ध्या तासातच संपत असेल तर बदला. मॉडेल नंबर आणि व्होल्ट जुळवूनच घ्या, दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर जाऊ नका. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, घंटागाडीतही टाकू नका; ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.