बोकडाचे रेत व अंड्याचा बलक

बोथ परिसरात गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन सर्वांच्या परिचयाचे आहे. शेळीसाठी मात्र बहुधा बोकडच शोधावा लागतो. याचे एक कारण रेतातील द्रवात सापडते.

हा द्रव मुख्यतः सहायक जननग्रंथींत तयार होतो. त्यातील फ्रुक्टोज शुक्रजंतूंना शक्ती पुरविते. म्हणजे तो त्यांचा पोशिंदाच! रेत उणे १९६ अंश सेल्सिअसला द्रव नायट्रोजनमध्ये गोठविताना थंडीपासून रक्षण व्हावे म्हणून त्यात अंड्याचा पिवळा बलक मिसळतात. वळूच्या रेतास तो मानवतो. बोकडाचे तसे नाही. त्याच्या कूपर ग्रंथीतून येणारे एक एंझाइम बलक साकळविते, हे ए. रॉय यांनी १९५७ साली दाखविले. ते बलकातील लेसिथिनचे लायसोलेसिथिन करते आणि हा पदार्थ शुक्रजंतूंना मारक ठरतो. एकटा द्रव निरुपद्रवी, एकटा बलक हितकर, पण दोघांची गाठ पडली की घात!

म्हणून रेत अपकेंद्री यंत्रात फिरवून द्रव काढून टाकतात, किंवा बलक अगदी थोडा घालतात. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने शेळ्यांच्या गोठित रेतावर काम केले आहे. मात्र या धुण्यात काही शुक्रजंतू वाया जातात, वेळ व यंत्रही लागते. खेड्यातील दवाखान्यात ते कोठून आणावे?