नोटेवरील आद्याक्षरे : एका छंदाचा अभ्यास

नोट हातात आली की ती किती रुपयांची आहे एवढेच आपण पाहतो. तिच्या क्रमांकाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मीही त्याला अपवाद नव्हतो. परंतु दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात दहा रुपयांची एक ‘स्टार’ नोट दुर्मीळ समजून मी तीनशे रुपयांना घेतली आणि पंधरा दिवसांतच त्याच आद्याक्षरांची दुसरी स्टार नोट आमच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात सापडली. पैसे गेले, पण ‘दुर्मीळ म्हणजे नेमके काय?’ हा प्रश्न मनात राहिला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

सध्याच्या नोटेवर आधी आकडा व अक्षरे यांचा एक लहान गट असतो आणि त्यानंतर सहा अंकी क्रमांक येतो. या गटाला संग्राहक ‘प्रीफिक्स’ म्हणतात; आपण त्यास आद्याक्षरे म्हणू. क्रमांक सहा अंकी असल्यामुळे एका आद्याक्षरांत सुमारे 10 लाख नोटा मावतात. मात्र एवढ्यावर नोटेची ओळख पुरी होत नाही. क्रमांकाच्या चौकटीत कधी कधी एक बारीक अक्षर छापलेले असते. ते, छपाईचे वर्ष किंवा गव्हर्नरांची सही वेगळी असेल, तर दोन नोटांवर एकच क्रमांक असू शकतो, असे खुद्द रिझर्व्ह बँकच सांगते. म्हणजेच आद्याक्षरे, बारीक अक्षर, वर्ष आणि सही या चारही गोष्टी जुळवून पाहिल्याशिवाय कोणतीही नोट दुर्मीळ ठरवता येत नाही. मी नेमके हेच केले नव्हते.

आता त्या ताऱ्याविषयी. 2006 पर्यंत कोऱ्या पाकिटातील शंभर नोटांचे क्रमांक सलग असत. त्यानंतर छपाईत खराब झालेल्या नोटेऐवजी आद्याक्षरे व क्रमांक यांच्यामध्ये तारा असलेली नोट घालण्याची पद्धत आली. ही नोट चलनात पूर्णपणे वैध आहे, असा खुलासा बँकेने 2023 मध्ये केला. थोडक्यात, तारा हे बदली नोटेचे चिन्ह आहे, दुर्मीळतेचे प्रमाणपत्र नव्हे.

मग आद्याक्षरांना खरे महत्त्व केव्हा येते? 1959 सालचे उदाहरण घ्या. त्या काळी कुवेत, बहारीन, कतार आदी आखाती प्रदेशांत भारतीय रुपया चालत असे. चोरट्या सोन्याच्या मोबदल्यात बाहेर गेलेले रुपये परकीय चलनाच्या मागणीसाठी परत येत. यावर उपाय म्हणून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या गेल्या. त्यांच्या क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर होते. त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांवर ‘एच ए’ ही अक्षरे होती. पुढे कुवेतने 1961 मध्ये आपला दिनार काढला आणि 1966 च्या अवमूल्यनानंतर इतर काही प्रदेशांनीही रुपयाचा निरोप घेतला. एका अक्षरात एवढा इतिहास साठलेला आहे!

सहीचेही तसेच आहे. भा. ना. अदारकर 1970 साली अवघे 42 दिवस गव्हर्नर होते. साहजिकच त्यांच्या सहीच्या नोटा थोड्या आणि म्हणून संग्राहकांना हव्याशा वाटतात.

याउलट, 786 क्रमांकाची नोट लाखो रुपयांना विकली जाते, अशा जाहिराती आपण पाहतो. जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीच्या अशा आमिषांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीरपणे बजावले आहे. श्रद्धेपोटी अशी नोट कुणी जवळ ठेवली तर त्यात गैर काही नाही. पण श्रद्धा वेगळी आणि दुर्मीळता वेगळी.

या छंदाला भांडवल फारसे लागत नाही. घरात रोज येणाऱ्या नोटा, एक वही आणि चिकाटी पुरते. चार रकाने आखावेत आणि दिसेल ती नोट त्यांत नोंदवून खुशाल खर्च करावी. मी तीनशे रुपयांची ती नोट आणि गल्ल्यातली दहाची नोट संग्रहाच्या पहिल्याच पानावर शेजारी-शेजारी लावली आहे. नवीन नोट विकत घेण्यापूर्वी ते पान मी एकदा उघडून पाहतो.